इमानाचा हिशेब

मंदिराची डागडुजी हा विषय धर्मचिंतनाच्या प्रारंभी येण्याजोगा नव्हे. तो बांधकाम खात्याच्या दफ्तरात शोभावा. तथापि बायबलातील ‘राजे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, बाराव्या अध्यायात, यरुशलेमच्या मंदिराच्या दुरुस्तीची जी हकीकत आली आहे तिच्यापासूनच हे विवेचन सुरू करणे मला सोयीचे वाटते. कारण ज्या एका शब्दासाठी हा सारा लेखनप्रपंच आहे तो शब्द तेथे सोवळे नेसून बसलेला नाही, तर कामाच्या कपड्यांत, अंगाला चुना लागलेला असा भेटतो.

योआश राजाच्या कारकीर्दीत, म्हणजे इसवी सनापूर्वी नवव्या शतकात, मंदिराला जागोजाग तडे गेले होते. लोकांनी आणून दिलेला पैसा याजक बिनतक्रार घेत होते, परंतु राज्यारोहणाला तेवीस वर्षे लोटली तरी एकही भेग बुजली नव्हती. तेव्हा राजाने याजकांना बोलावून जाब विचारला आणि पुढची वसुली त्यांच्या हातून काढून घेतली. मुख्य याजक यहोयादा याने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीच्या उजव्या अंगास ठेवली, आणि पेटी भरत आली की राजाचा चिटणीस व मुख्य याजक या दोघांनी मिळून रक्कम मोजावी, थैल्यांत बांधावी व कामावरील मुकादमांच्या हवाली करावी, असा परिपाठ पडला. सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी आणि लाकूड व घडीव दगड यांची किंमत या मुकादमांनी परस्पर भागवावयाची. आणि येथे ग्रंथकार जाता जाता सांगतो की या माणसांकडून हिशेब मागितला जात नसे, कारण ती ‘एमुना’ने वागत. याजकांसाठी भोकाची पेटी आणि दोघांची मोजदाद, मुकादमांसाठी मात्र साधा तपशीलही नाही, या तफावतीवर त्याने कोठेही भाष्य केलेले नाही; ते त्याने वाचकाच्या खोचकपणावर सोडले असावे.

‘एमुना’ हा इब्री धर्मविचारातील अत्यंत थोर शब्दांपैकी एक. बायबलच्या भाषांतरांत तो ‘श्रद्धा’, ‘विश्वास’, ‘सत्यता’ अशा भारदस्त वेषांत वावरतो, आणि त्या वेषांत त्याला पाहण्याची सवय जडलेल्या वाचकाला गवंड्यांच्या मुकादमांजवळ तो पाहून थोडे चमकल्यासारखे होते. मराठी वाचकाने मात्र चमकण्याचे कारण नाही. हिशेब न घेता ज्यांच्यावर रक्कम सोपवता येते ती माणसे कशी वागतात असे आपल्याला कोणी विचारले, तर आपण क्षणाचाही विचार न करता ‘इमानेइतबारे’ असे उत्तर देऊ. आणि असे उत्तर देताना आपण नकळत मूळ इब्री शब्दाचा सख्खा चुलतभाऊच उच्चारलेला असतो. इब्री आणि अरबी या एका कुळातील भाषा. टिकणे, स्थिर असणे, भरवशाचे ठरणे या अर्थांभोवती फिरणारा ‘अ-म-न’ हा धातू दोहोंत आहे. इब्रीत त्यापासून ‘एमुना’ आणि प्रार्थनेच्या अखेरीस जगभर उच्चारला जाणारा ‘आमेन’ हे शब्द आले, आणि अरबीत त्यापासून झालेले शब्द फारसीच्या आश्रयाने दक्षिणेतल्या सुलतानांच्या कचेऱ्यांत व तेथून आपल्या बोलण्यात येऊन इमान, अमानत, अमीन असे स्थायिक झाले. (या सर्वांना ज्याने आसरा दिला तो ‘दफ्तर’ हा शब्द मात्र मुळात ग्रीक आहे, आणि ग्रीकांचे या कथेतले काम अद्याप यावयाचे आहे.)

आपल्याकडे बायबल मराठीत आले तेव्हा भाषांतरकारांनी धर्माच्या गोष्टींसाठी संस्कृताची पेठ गाठली. हे स्वाभाविकच होते. पंडितांच्या साहाय्याने काम चालले होते, आणि धर्म म्हटला की तत्सम शब्द योजावयाचे हा आपला जुना शिरस्ता आहे. आत्मा, विश्वास, नीतिमत्त्व, नियमशास्त्र, तारण अशी ती परिभाषा सिद्ध झाली. ती टाकाऊ आहे असे मला म्हणावयाचे नाही. दीडशेहून अधिक वर्षे माणसे तिच्यातून प्रार्थना करीत आली आहेत, आणि ज्या शब्दांतून माणसे रडली त्यांना केवळ कोशाच्या आधारे हिणवणे हे असंस्कृतपणाचे होईल. परंतु तत्सम शब्द एकटा येत नाही. तो आपली दर्शने, आपली भाष्ये, आपले सहस्र वर्षांचे वाद बरोबर घेऊन येतो, आणि मग वाचक समजतो की मी बायबल वाचीत आहे, प्रत्यक्षात तो अर्धे बायबल आणि अर्धे वेदान्त वाचीत असतो.

‘एमुना’चा आणखी एक दाखला पाहण्याजोगा आहे. ‘निर्गम’ ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात रफीदीम येथे अमालेकी लोकांशी लढाई जुंपते. मोशे टेकडीच्या माथ्यावर उभा राहून हात उंचावतो. हात वर असेतोवर इस्राएलाची सरशी होते, हात खाली आले की शत्रूची. पण मोशे म्हातारा झालेला, हात जड होऊ लागलेले. तेव्हा अहरोन आणि हूर त्याच्या बुडाखाली एक धोंडा सरकवतात, एकाने या बाजूने आणि दुसऱ्याने त्या बाजूने त्याचे हात धरून ठेवलेले असतात, आणि अशा रीतीने सूर्यास्तापर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहतात. भाषांतरे येथे ‘स्थिर’ म्हणतात आणि ते योग्यच आहे. पण मूळ वाचणाऱ्याच्या कानावर तोच शब्द पडतो जो पुढे संदेष्टे देव आणि माणूस यांच्या नात्याविषयी योजणार आहेत. थकलेला हात, खालचा धोंडा, दोन्ही बाजूंनी लागलेले दुसऱ्यांचे खांदे, आणि मावळतीपर्यंतचा लांबलचक दिवस, एवढे सगळे त्या शब्दाच्या पोटात आहे. येथे कोणी कोणते मत मान्य केलेले नाही. कोणी तरी खाली पडू दिले नाही, एवढेच घडले आहे.

आता ‘उत्पत्ती’च्या पंधराव्या अध्यायातील त्या प्रसिद्ध वचनाकडे येऊ, ज्याच्यावर ख्रिस्ती धर्मशास्त्राचा एक अख्खा मजला उभा आहे. अब्राम निपुत्रिक आहे. देव त्याला रात्री बाहेर आणून आकाशातील तारे मोजावयास सांगतो आणि तुझी संतती अशी होईल असे म्हणतो. यावर ग्रंथकार जे एक वाक्य लिहितो त्याचा आशय असा की अब्रामाने परमेश्वरावर भरवसा टाकला आणि ते त्याच्या नावे धार्मिकता म्हणून गणले गेले. या आखूड वाक्यातले तीन कळीचे शब्द पाहा. भरवसा टाकण्याचे क्रियापद ‘अ-म-न’ याच धातूचे, म्हणजे आपल्या इमानाच्या घराण्यातले. गणण्याचे क्रियापद ‘ह-श-ब’ या धातूचे, आणि आपला ‘हिशेब’ ज्या अरबी शब्दापासून आला तो याच धातूचा अरबी अवतार होय. तिसरा शब्द ‘त्सेदाका’, ज्याचे अरबी भावंड फकिराच्या तोंडच्या ‘सदक्या’त अजून जिवंत आहे. दफ्तरातील कारकुनाला आणि दारावरच्या फकिराला जे शब्द ठाऊक, त्यांचीच ही चुलतघरातली मंडळी. आणि योआशाच्या मुकादमांच्या हकीकतीत ज्या दोन धातूंची गाठ पडली होती, हिशेब आणि इमान, त्यांचीच येथे पुन्हा पडली आहे. फरक असा की मुकादमांचे इमान पाहून त्यांचा हिशेब कोणी घेतला नाही, आणि अब्रामाचे इमान मात्र हिशेबात जमा धरले गेले.

पण जमा कोणाच्या खाती? आपण सर्वजण धरून चालतो की वही देवाची आणि खाते अब्रामाचे. अकराव्या शतकात फ्रान्समधील त्र्वा येथे होऊन गेलेला थोर भाष्यकार राशी हाही तसेच म्हणतो. परंतु इब्री वाक्यात कर्ता उघड सांगितलेला नाही. ‘त्याने ते त्याच्या नावे धरले’ एवढेच आहे, आणि या दोन सर्वनामांपैकी कोणते देवाचे व कोणते माणसाचे हे व्याकरण सांगत नाही. तेराव्या शतकात स्पेनमधील नाहमनीदेस याने ही फट अचूक हेरली आणि अर्थ उलटा लावला: अब्रामाने देवाच्या वचनावर भरवसा ठेवला आणि ते वचन म्हणजे देवाचाच चांगुलपणा, असे अब्रामाने आपल्या मनाच्या वहीत देवाच्या नावे मांडले. देवाला आपल्या एकनिष्ठ भक्ताचे इमान नव्याने नोंदवण्याची काय गरज, असा त्याचा रोख होता. मला व्यक्तिशः राशीचा अन्वय अधिक सरळ वाटतो, परंतु नाहमनीदेसाचा अन्वय एकदा वाचल्यावर ते वाक्य पूर्वीसारखे निश्चिंतपणे वाचता येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. ज्या धर्मपरंपरेत असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो तिच्यात देव आणि माणूस यांच्यामधला व्यवहार एकतर्फी नसतो.

ग्रीकांची पाळी आता आली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी आपला ग्रंथ ग्रीकमध्ये उतरवण्यास प्रारंभ केला. ते भाषांतर ‘सप्तति’ म्हणून ओळखले जाते. इब्री विचार ग्रीकांनी भ्रष्ट केला असे म्हणण्याची एक रीत पडून गेली आहे. परंतु सप्ततीच्या भाषांतरकारांनी एमुनासाठी निवडलेला ‘पिस्तिस’ हा शब्द पोथीतला नव्हता. बाजारात, करारात, जामीनकीत चालणारा तो शब्द होता, आणि मुकादमांच्या प्रसंगीही त्यांनी तोच वापरला. ‘हिशेबात धरणे’ यासाठी त्यांनी योजलेले क्रियापदही जमाखर्चाचेच आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्र लिहिताना, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, या क्रियापदाशी मजुराच्या रोजंदारीची उपमा जोडून खेळ केला तो त्यामुळेच. भरवशाचा अर्थ आटत गेला तो पुढे, धर्ममंडळातील वाद सूत्रबद्ध करण्याची निकड लागली तेव्हा. इसवी सन ३२५ मध्ये निकैया येथे भरलेल्या परिषदेने मतांगीकाराचा मसुदा ठरवला, आणि तेव्हापासून ‘विश्वास’ म्हणजे अमुक विधाने खरी मानणे हा अर्थ हळूहळू अग्रपूजेचा मानकरी झाला. मसुदे आवश्यक होते की नव्हते हा स्वतंत्र प्रश्न. पण मोशेच्या बुडाखालचा धोंडा त्यांत कोठेच राहिला नाही.

एकाच शब्दाचे वाटे कसे पडतात हे पाहावयाचे असेल तर हबक्कूक संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायातील चौथे वचन पाहावे. खास्दी सैन्याची टाच जवळ येत आहे, संदेष्टा पहाऱ्याच्या बुरुजावर उभा राहून देवाला जाब विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते ते असे की दर्शनाला उशीर लागला तरी वाट पाहा. नीतिमान माणूस आपल्या एमुनाने जगेल. संदर्भ वाट पाहण्याचा आहे, म्हणजे पुन्हा तोच थकलेला हात आणि तोच लांबलेला दिवस. या वचनाला किमान तीन वाचक भेटले. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठच्या गुहेत जी पहिली भेंडोळी सापडली त्यांत हबक्कूकावरचे एक भाष्य होते. ते भाष्य लिहिणाऱ्या पंथाने हे वचन लावले ते तोरा, म्हणजे नियमशास्त्र, पाळणाऱ्या, कष्ट सोसणाऱ्या आणि आपल्या ‘धार्मिकतेच्या गुरू’शी एकनिष्ठ राहणाऱ्या माणसांना. पौलाने तेच वचन रोमकरांस पत्राच्या आरंभी घेतले. इब्री प्रतीत ‘त्याच्या’ एमुनाने असे आहे, सप्ततीत ‘माझ्या’, म्हणजे देवाच्या, पिस्तिसने असे आहे. पौलाने सर्वनामच गाळले आणि नुसते पिस्तिस ठेवले. तिसरे वाचक रब्बी सिमलाई. त्यांचे प्रवचन तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या ‘मक्कोत’ या प्रकरणात नमूद आहे: मोशेला सहाशे तेरा आज्ञा मिळाल्या, दाविदाने त्यांचे सार अकरांत आणले, यशयाने सहांत, मीखाने तिहींत, असे करीत करीत हबक्कूकाने सारे त्या एका वचनात आणून ठेवले. पौलाच्या वाचनात हे वचन आज्ञापालनाच्या पलीकडे नेते, सिमलाईंच्या वाचनात ते आज्ञापालनाचा अर्क ठरते. पुढे पौलाचा धागा धरून धर्मसुधारक ल्यूथर याने १५२२ मध्ये जर्मन भाषांतर करताना रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘केवळ’ असा मुळात नसलेला शब्द श्रद्धेच्या मागे लावला, आणि त्या एका शब्दावरून युरोपात किती शाई वाहिली हे सर्वश्रुत आहे. केवळ इमान, की इमानाने केलेले काम, हा प्रश्न योआशाच्या मुकादमांना कोणी विचारला असता तर त्यांनी हातातली थापी खाली ठेवून प्रश्नकर्त्याकडे बराच वेळ पाहिले असते असे मला वाटते.

एमुनाच्या बाबतीत फारसीतून आलेले शब्द उपयोगी पडले. ‘नेफेश’ या दुसऱ्या इब्री शब्दाच्या बाबतीत आपली घरगुती बोली उपयोगी पडते. ग्रीकमध्ये त्याचा ‘प्सूखे’ झाला, इंग्रजीतून तो आला तोवर देहाच्या पिंजऱ्यातला अमर पक्षी होऊन बसला होता, आणि मराठीत ‘आत्मा’ म्हणताच उरलीसुरली कसर भरून निघाली. परंतु इब्रीत नेफेश म्हणजे मूळचा गळा, घसा. यशयाच्या पाचव्या अध्यायात अधोलोक आपला नेफेश वासून माणसे गिळतो. एकोणसत्तराव्या स्तोत्रातील बुडणारा माणूस पाणी नेफेशपर्यंत चढले म्हणून आक्रोश करतो; आत्म्यापर्यंत पाणी चढते म्हणजे काय होते हे सांगणे कठीण, पण पाणी गळ्याशी आले आणि प्राण कंठाशी आले हे दोन्ही वाक्प्रचार ज्याच्या घरात रोज बोलले जातात त्याला ते स्तोत्र समजावून द्यावे लागत नाही. गळ्यातून श्वास जातो, अन्न जाते, तहान तेथेच जाणवते. म्हणून नेफेश म्हणजे प्राण, भूक, वासना, जगणारा देहधारी, ‘मी’. आपला ‘जीव’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. दाविदाला पाहून योनाथानाचा नेफेश त्याच्या नेफेशशी बांधला गेला, याला ‘जीव जडला’ याहून चोख मराठी नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यातल्या जलचरांना जे ‘नेफेश हय्या’ म्हटले तेच दुसऱ्या अध्यायात मातीच्या माणसाला, नाकपुड्यांत श्वास फुंकल्यावर, म्हटले आहे. मासा आणि मनुष्य दोघेही सजीव जीव. माणसाला आत्मा ‘मिळाला’ असे तेथे नाही, तो नेफेश ‘झाला’ असे आहे. आणि यहेज्केल जेव्हा पाप करणारा नेफेश मरेल असे म्हणतो, तेव्हा गीतेचा दुसरा अध्याय ज्याच्या जिभेवर आहे तो वाचक बुचकळ्यात पडतो: आत्मा मरतो कसा? दोन ग्रंथांत विरोध आहे असे त्याला वाटते. वस्तुतः त्या ठिकाणी ते दोन ग्रंथ एका वस्तूविषयी बोलतच नाहीत. अर्थात ‘जीव’ही सर्वत्र पुरत नाही. ‘गणना’ ग्रंथात नेफेश हाच शब्द प्रेताला लावलेला आहे, आणि प्रेताला जीव म्हणण्याची आपल्याकडे सोय नाही.

संपूर्ण नेफेशने देवावर प्रेम करावे, ही यहुद्यांच्या ‘शेमा’ या प्रार्थनेतील आज्ञा. मिश्ना या यहुदी धर्मसंग्रहाने तिचा अर्थ रोखठोक सांगितला: तो तुझा नेफेश काढून घेत असला तरीही. रब्बी अकिवा यांना रोमी अधिकाऱ्यांनी लोखंडी फण्यांनी ओरबाडून मारले ती वेळ शेमाच्या पठणाची होती, आणि तालमूद सांगते की ते पठण करीत राहिले. शिष्यांनी विचारले तेव्हा म्हणाले की ही आज्ञा कधी पुरी करता येईल याची विवंचना मला आयुष्यभर होती. नेफेश म्हणजे आत्मा धरला तर या कथेत केवळ भक्तीची तीव्रता उरते. नेफेश म्हणजे गळा, श्वास, जीव धरला, तर प्रार्थनेतला शब्द आणि ती म्हणणाऱ्याचा तुटत चाललेला श्वास यांत अंतर उरत नाही. हीच शेमा आपल्या पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, घाण्यावर तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल यहुद्यांच्या घरांत, इब्रीचे बाकी ज्ञान लुप्त झाल्यावरही पिढ्यानपिढ्या टिकून राहिली. अर्थ विसरला आणि उच्चार उरला, तरी ते पठण निरर्थक झाले असे मी म्हणणार नाही. न समजणारे हातही दुसऱ्याने धरून ठेवता येतात.

येथपर्यंत वाचून एखाद्याची अशी समजूत होईल की इब्री ‘मन’ म्हणून एक निराळीच वस्तू होती, क्रियाशील, मूर्त, प्रवाही. आणि ग्रीक मन त्याच्या उलट स्थिर व अमूर्त. तोर्लाइफ बोमान या नॉर्वेच्या पंडिताने १९५२ मध्ये जर्मनमध्ये लिहिलेल्या ग्रंथात हीच मांडणी मोठ्या आकर्षक रीतीने केली, आणि पुष्कळ प्रवचनकारांना त्यातून आयती सामग्री मिळाली. १९६१ मध्ये जेम्स बार या स्कॉट विद्वानाने या पद्धतीचा असा काही समाचार घेतला की तेव्हापासून जबाबदार अभ्यासक तिच्या वाटेला जपूनच जातात. बारचे म्हणणे थोडक्यात असे: भाषेच्या व्याकरणावरून लोकांचे तत्त्वज्ञान काढता येत नाही, आणि धातूवरून शब्दाचा अर्थ ठरत नाही, अर्थ ठरतो वापराने, वाक्याने. मला तरी ते बिनतोड वाटते, आणि त्याचा पुरावा आपल्या घरातच आहे. इब्रीत ‘केदेम’ म्हणजे पूर्व दिशा, समोरची बाजू आणि प्राचीन काळ. ‘अहरोन’ म्हणजे मागचा, पश्चिमेचा आणि शेवटचा. उजवा हात आणि दक्षिण यांना एकच शब्द. यावरून कोणी म्हणतात की इब्री माणूस भूतकाळाकडे तोंड करून उभा असतो आणि भविष्य त्याच्या पाठीशी असते, केवढे हे सेमिटिक वैशिष्ट्य! पण आपण ‘पूर्व’ आणि ‘पूर्वी’ म्हणतो, ‘पश्चिम’ आणि ‘पश्चात’ म्हणतो, उजव्या हातालाही ‘दक्षिण’ म्हणतो. उगवत्या सूर्यासमोर उभा राहिलेला कोणताही माणूस असेच बोलेल, मग तो आर्यभाषा बोलो की सेमिटिक. धातूंचा मोह तर आणखी घातक. ‘इतबार’ हा शब्द ज्या अरबी धातूपासून आला त्याचा अर्थ पार जाणे, आणि ‘इब्री’ हे नावही पुष्कळ जण त्याच धातूशी जोडतात. एवढ्यावरून इब्री म्हणजे इतबारी माणूस असे अनुमान कोणी केले तर आपण हसू. मग अमानत आणि एमुना एकत्र आणताना मी काय निराळे केले, असा रास्त सवाल वाचक करील. उत्तर इतकेच की धातूने मला केवळ दार दाखवले. आत काय आहे ते मुकादमांच्या, मोशेच्या आणि हबक्कूकाच्या वाक्यांनी सांगितले, आणि ती वाक्ये नसती तर ते चुलतनाते मी गंमत म्हणून सोडून दिले असते.

वाक्याची, म्हणजे वाक्यरचनेच्या सवयीची, उपेक्षा केल्यास काय होते याचा नमुना बायबलच्या पोटातच आहे. इब्री काव्य एकच गोष्ट दोन चरणांत दोनदा सांगते. रॉबर्ट लोथ याने १७५३ मध्ये या समांतरतेचे शास्त्र मांडले, पण ओवी-अभंगांवर वाढलेल्या कानाला ते नवे नव्हे. जखऱ्या संदेष्टा आपल्या राजाला गाढवावर बसवून आणतो आणि पुढच्या चरणात त्याच गाढवाला शिंगरू म्हणतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मात्र शिष्य दोन जनावरे घेऊन येतात, आणि वाक्याची ठेवण अशी आहे की येशू दोहोंवर बसला असे वाटावे. हे उपहासाने म्हणत नाही, पण चित्रकारांची येथे फार ओढाताण झाली आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर इब्रीचा हा रस्ता आपल्याकडे कोणीच चोखाळला नाही असे नाही. डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईस आल्यावर थोड्याच वर्षांत, १८३२ साली, बेने इस्राएलांच्या उपयोगासाठी मराठीतून इब्री व्याकरणाचे पुस्तक छापले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, संस्कृताच्या विदुषी असूनही, उतारवयात इब्री व ग्रीक शिकून साऱ्या बायबलचे भाषांतर हाती घेतले ते साध्या बायकांना समजेल अशा मराठीत करण्यासाठी. ज्या बाईला अमरकोश तोंडपाठ तिने पंडिती शब्द जाणूनबुजून टाळावे यात मला एका विलक्षण विवेकाची खूण दिसते. संस्कृत शब्द बरोबर काय काय आणतो हे ज्याला संस्कृत येते त्यालाच ठाऊक असते. १९२२ मध्ये त्या वारल्या, त्यापूर्वी काम पुरे झाले होते. त्यांच्या भाषांतराचा प्रसार फारसा झाला नाही, आणि ते वाचताना कोठे कोठे खडे लागतात हेही खरे. परंतु मोशेच्या बुडाखालचा धोंडा गुळगुळीत होता असे निर्गम ग्रंथही म्हणत नाही.

योआशानंतर सुमारे दोन शतकांनी मंदिर पुन्हा दुरुस्तीला आले. राजा योशीया, राज्याचे अठरावे वर्ष, म्हणजे इसवी सनापूर्वी ६२२च्या सुमारास. पुन्हा तेच सुतार, तेच गवंडी, तीच लाकूड-दगडांची खरेदी. आणि ‘राजे’च्या दुसऱ्या भागाच्या बाविसाव्या अध्यायात पुन्हा तेच वाक्य की त्यांच्या हाती दिलेल्या पैशाचा हिशेब घेऊ नये, कारण ते एमुनाने काम करतात. त्या वाक्याला लागूनच पुढचे वाक्य असे की मुख्य याजक हिल्कीया याने शाफान चिटणिसाला सांगितले, परमेश्वराच्या मंदिरात मला तोऱ्याचा ग्रंथ सापडला आहे. शाफानाने तो वाचला आणि राजाकडे गेला. त्याने प्रथम पैशाचे वर्तमान रुजू केले, मंदिरातील रक्कम काढून मुकादमांच्या हवाली केली असे सांगितले. ते झाल्यावर म्हणाला, याजकाने मला एक पुस्तक दिले आहे, आणि मग त्याने ते राजासमोर वाचावयास घेतले.